स्टुडिओतला नवा कॉम्प्युटर

चौकातल्या स्टुडिओवाल्या काकांनी फोटो एडिटिंगचा जुना कॉम्प्युटर अखेर बदलला. त्या डबड्यावर फोटो वरून खाली रखडत उघडायचा. आम्ही गिऱ्हाइकं वैतागायचो.

काल तिथे एक बाई आल्या होत्या. नवरा नुकताच गेलेला. ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा काढून तेराव्यासाठी मोठा करायचा होता. नव्या कॉम्प्युटरवर तो एका झटक्यात समोर आला आणि बाईंनी तोंड फिरवलं. काही चेहऱ्यांपर्यंत हळूहळूच पोचावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. काकांना आधीच ठाऊक असावं. त्यांनी फ्रेमचा पुठ्ठा स्क्रीनवर धरला.

"वहिनी, तुम्ही म्हणाल तसं," म्हणत ते पुठ्ठा सावकाश खाली घेऊ लागले. आधी टोपी दिसली, मग कपाळ.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या.

काका थांबले, अगदी त्या जुन्या कॉम्प्युटरसारखे.