पुरुषोत्तम कुबलांचा अर्धा आटा

पिस्कॅटवेच्या मराठी मंडळींत कुबलांकडे जेवायला जाणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असे. लोणच्याची बरणी पुरुषोत्तम कुबलांनी बंद केलेली असेल, तर ती त्यांनाच उघडायला सांगायची. उगीच आपलं मनगट दुखवून घ्यायचं नाही. व्हॉल्व्ह तपासणाऱ्या एका कंपनीत ते मेकॅनिकल इंजिनियर होते आणि कुठलीही फिरणारी वस्तू हातात आली की ती पूर्ण आवळून झाल्यावर नाकातून बारीक श्वास सोडत म्हणत, "आणखी अर्धा आटा." कुकरची शिट्टी असो, चष्म्याचा स्क्रू असो की बाथरूमचा नळ. हा शेवटचा अर्धा आटा दिल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. त्यांची बायको लता म्हणायची, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राचा फासा तेवढा यांच्या हाती देत नाही.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांची आई वेंगुर्ल्याहून आली. नऊवारी, वर लताचा स्वेटर, पायांत नातवाचे बूट. म्हाताऱ्या बाईला मॉल दाखवले, धबधबा दाखवला, देऊळ दाखवलं. ती सगळीकडे "बरां आसा" एवढंच म्हणाली. बरां आसा म्हणजे घरी चला. तिच्या वडलांची होडी होती, आयुष्य समुद्राच्या वासात गेलेलं, आणि इथे तिला प्लॅस्टिकच्या तबकात निजलेला, डोकं नसलेला मासा दाखवत होते. डोक्याशिवायचा मासा ताजा की शिळा हे कशावरून ओळखायचं, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याला पिस्कॅटवेत उत्तर नव्हतं.

मग श्रावण लागायच्या आदल्या रविवारी पुरुषोत्तम तिला बार्नेगॅटच्या खाडीवर घेऊन गेले. भाड्याची लहान अॅल्युमिनियमची बोट, बोटांएवढी बारीक काठी, दोऱ्यासारखी दोरी. गळाचं आमिष विकणारा अर्ल नावाचा म्हातारा होता. ओठ न हलवता बोलायचा, जणू बोललेलं माशांना कळेल. त्यानं एक बादली जिवंत करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, दिली आणि बजावलं की वीकफिश हा मोठा नाजूक मासा आहे. अंगानं दांडगा, पण तोंड कागदाचं. रिळावरची, दोरी अडवणारी चकती सैल ठेव, तो ओढेल तेवढी दोरी त्याला नेऊ दे, दमला की जाळ्यात घे. घट्ट धरलंस की ओठ फाटला आणि मासा गेला, म्हणून तर त्याचं नाव वीकफिश. जाता जाता अर्ल असंही म्हणाला की खरं तर तुम्ही गेल्या वर्षी यायला हवं होतं.

पुरुषोत्तम मूठमूठ करंदी पाण्यात सोडू लागले तशी आई कळवळली. एवढ्या करंदीचां कालवण झालां असतां, आणि हा लेक ती माशांना जेवू घालतोय. पण मग ती वाकली, आणि कान बोटीच्या तळाला लावून बसली. खालून आवाज येत होता, कुणीतरी ओल्या ढोलकीवर अंगठा घासावा तसा, डर्र, डर्र. तिच्या वडलांची माणसं वल्हं पाण्यात सोडून त्याला कान लावत आणि घोळ माशाचा असाच आवाज ऐकत. आईच्या चेहऱ्यावर इथे आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी उजाडलं.

"ह्यो घोळीचो मावसभाव," ती म्हणाली.

तेवढ्यात काठी वाकली. रिळ करकरलं. जांभळट पाठीचा, पिवळ्या परांचा मासा बोटीजवळ एकदा उजेडात वळला, आईनं तो पाहिला, आणि दोरी पुन्हा सुटू लागली. ती सुटणारी दोरी पुरुषोत्तमांना बघवेना. त्यांचा अंगठा आणि बोट चकतीवर गेलं.

"मेल्या, आवळतंस कित्याक? सोड तेका. दमलो की आपणच येतलो."

पण अर्धा आटा देऊन झाला होता. काठी सरळ झाली. गळ वर आला, त्यावर ओठाची एक पातळ पापडी चिकटलेली.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण. आई श्रावणात मासा खात नसे, घरात आणूही देत नसे. गणपती झाले की जाऊ, पुरुषोत्तम म्हणाले. गणपती झाले आणि कंपनीनं त्यांना टेक्ससला, अर्विंगला धाडलं. परत आले तेव्हा खाडीवर बोचरा वारा होता आणि आईचं तिकीट ठरलेलं होतं. विमानतळावर ती रडली नाही. नातवाचे बूट काढून परत दिले, चपला घातल्या आणि सहज म्हणाली, जशी घरी विसरलेल्या पिशवीबद्दल म्हणावं, "तुझ्या हातचो मासो खावचो रवलो."

पुढच्या मे महिन्यात ती वेंगुर्ल्यात गेली. पुरुषोत्तमांचा पासपोर्ट तेव्हा कुठल्याशा शिक्क्यासाठी वकिलाकडे अडकला होता. धाकटा भाऊ नंदू यानं सगळं केलं. दहाव्या दिवशी नंदूचा फोन आला, तोही खरखरीतून, एकेक शब्द विहिरीतून शेंदल्यासारखा. पिंडाला कावळा शिवला नव्हता. झाडावर ओळीनं बसले होते मेले, पण एकही खाली येईना. माणूस जाताना त्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे नंदूनं सांगायची गरज नव्हती. नंदूनं पिंडासमोर हात जोडून सगळी वचनं दिली होती. धाकट्या बहिणीला अंतर देणार नाही, माड विकणार नाही, म्हशीलासुद्धा विकणार नाही. शेवटी ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले, आणि दर्भाचा कावळा करून शिववला.

"दादा," नंदू म्हणाला, "तुझ्याकडसून काय रवलां काय तिचां?"

पुरुषोत्तमांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले की आवाज नीट येत नाहीये.

त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की वर्षश्राद्धाच्या आत एक वीकफिश आपल्या हातानं धरायचा, आईच्या पद्धतीनं त्याचं कालवण करायचं, पानात वाढायचं आणि कावळ्याला शिववायचं. लता म्हणाली, मासळीवाल्याकडे बर्फात पडलेत, उचलून आण. ते म्हणाले, तुझ्या हातचो म्हणाली होती, मासळीवाल्याच्या हातचो नव्हे. सासूनं जाताना कालवणासाठी ठेवलेली तिरफळांची पुडी लतानं डब्याच्या तळाशी जपून ठेवली.

आणि मासे येईनासे झाले. सबंध उन्हाळा पुरुषोत्तम खाडीवर जात राहिले, फक्त श्रावण सोडून. नेमकं श्रावणातच अर्लच्या दुकानात दोनचार वीकफिश आल्याचं नंतर कळलं. बाकी काय मिळालं, तर दोरी कातरणारे ब्लूफिश, वाटोळे चपटे मासे, आणि पंख असलेला एक बेडकासारखा ओरडणारा प्राणी. त्याचं ओरडणं डर्र वाटून त्यांचं काळीज एकदा उगीचच उडालं. अर्लला विचारलं की मासे गेले कुठे. तो क्षितिजाकडे बघत ओठ न हलवता म्हणाला, गेल्या वर्षी यायला हवं होतंस. पुरुषोत्तम म्हणाले, आलो होतो. अर्ल म्हणाला, हां, मग त्याच्या आदल्या वर्षी.

सोबतीला असत गुरुदत्त आपटे. मूळचे पुण्याचे, कांदासुद्धा बेतानं खाणारे. पण एकट्या माणसानं पाण्यावर जाऊ नये असं त्यांचं मत होतं, आणि आपट्यांनी एकदा मत बनवलं की ते स्वतः सोबत येत. नाकाला रुमाल, डोक्यावर कानटोपी, हातात मासा उचलायचं जाळं, तेही बॅडमिंटनची रॅकेट धरावी तसं. प्रत्येक वाक्य ते "मुळात काय आहे" इथून सुरू करत. मुळात काय आहे, कुबल, पितरांच्या पानात मासा हे आमच्यात बसत नाही. कुबल म्हणत, आमच्यात गेलेल्या माणसाला जे आवडतं तेच वाढतात. मग आपटे रुमालाआडून म्हणत की असो, ज्याचं त्याचं शास्त्र, आणि भरतीची वेळ वाचून दाखवत.

हिवाळा गेला. पंच्याऐंशीचा मे आला, आईची तिथी आली. पुरुषोत्तमांनी रजा काढली. लता शेगडी, वाटलेलं खोबरं आणि तिरफळं घेऊन किनाऱ्यावरच्या बाकाशी थांबली. निघण्यापूर्वी तिनं रिळ मागून घेतलं, चकती हवी तेवढी सैल केली आणि तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचे वेढे दिले. इतके, की चकती दिसेना. पुरुषोत्तमांनी ते रिळ परत घेतलं, पाहिलं, आणि काठीला बसवलं.

सकाळ सरली. करंदी संपत आली. आपट्यांनी थर्मासमधला चहा दोनदा देऊ केला. पुरुषोत्तम मधूनच वाकून बोटीच्या तळाला कान लावत. पाण्याचं लपलप, आपट्यांच्या पायाची हालचाल, बाकी काही नाही. भरती थांबली, पाणी जरा वेळ गोंधळल्यासारखं उभं राहिलं आणि मग उलटं फिरलं. तेव्हा काठी वाकली.

पहिल्या ओढीलाच त्यांना कळलं. डोकं झटकत जाणारी ती ओढ ते दोन वर्षं झोपेत अनुभवत होते. दोरी सुटू लागली, आणि बोटं चकतीवर गेली. तिथे चिकटपट्टी. त्यांनी नखानं ती खरवडली. ती निघेना, लतानं बांधलेली होती. दोरी जात होती, जात होती, आणि या माणसाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काठी धरून ते बसून राहिले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. तोंडानं मात्र एकसारखं पुटपुटत होते, "सोडलंय, आये, सोडलंय."

मासा दमला. आपणच आला. आपट्यांनी डोळे मिटून जाळं घातलं, आणि देव त्यांच्या बाजूचा असावा, कारण डोळे उघडले तेव्हा जाळ्यात मासा होता. जांभळट पाठ, पिवळे पर. बोटीच्या तळाशी पडल्यापडल्या तो बोलला, डर्र, डर्र. पुरुषोत्तमांनी मान दुसरीकडे फिरवली.

कालवण झालं. तिरफळांचा वास खाडीवर पसरला तसे आपटे रुमाल काढून म्हणाले की वास, मुळात काय आहे, वाईट नाही. धक्क्याच्या टोकाशी केळीच्या पानाऐवजी फॉइल पसरून त्यावर भात, भातावर माशाचा मधला तुकडा, वर डोक्याचा भाग, तोंड न फाटलेलं. तिघं मागे सरून उभी राहिली.

आणि कावळा आला. खरोखरच आला. पाण्यातल्या लाकडी खांबावर येऊन बसला, मान तिरकी करून पानाकडे पाहिलं आणि बोलला. आपल्याकडचा कावळा काव म्हणतो. या खाडीवरचे कावळे लहानसर, मासे खाणारे, आणि त्यांचा सूर नाकातला. हा कावळा म्हणाला, "अंहं."

तिघं एकमेकांकडे बघेनात.

"अंहं, अंहं," कावळा म्हणाला.

पुरुषोत्तम पुढे झाले, हात जोडले. नंदूला कधी अंतर देणार नाही. अंहं. पुढच्या वर्षी येतो, घराची कौलं शाकारून देतो. अंहं. बहिणीचं सगळं बघतो. अंहं. लता हळूच म्हणाली की तिला नातवाचं सांगा. त्यांनी नातवाचं सांगितलं, मराठी शिकवीन म्हणाले. कावळ्यानं तेवढ्यापुरती मान दुसऱ्या बाजूला केली, आणि मग सावकाश म्हणाला, अंहं. पुरुषोत्तमांच्या जोडलेल्या हातांची बोटं हवेत काहीतरी आवळू बघत होती. आवळायला काही नव्हतं.

"मग व्हया तरी काय तुका?" ते म्हणाले. आवाज अगदी लहान पोरासारखा निघाला.

त्याच क्षणी वरून एक सीगल उतरला. बदकाएवढा पांढरा गलेलठ्ठ पक्षी. आपटे जाळं घेऊन धावले, घसरले, गुडघ्यावर बसले. सीगलनं मधला तुकडा उचलला, भात विस्कटला. मागोमाग त्याचे भाऊबंद आले आणि फॉइल पाण्यात गेलं. खांबावर आता कुणी नव्हतं. कावळा कधी उडाला ते तिघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. आपटे उठत म्हणाले की मुळात काय आहे, पक्षी तो पक्षी, शास्त्राचा अर्थ उदारपणे घ्यावा. बोलता बोलता ते पँटवरची वाळू झटकू लागले.

घरी पोचतात तोच नंदूचा फोन आला. तिकडेही तिथी होती, आणि माशाचा बेत पुरुषोत्तमांनी त्याला पत्रानं कळवला होता. तो सबंध दिवस थांबला असावा.

"दादा, शिवलो?"

पुरुषोत्तमांना हो म्हणता आलं असतं. लता दारात उभी राहून मान हलवून सांगतही होती, हो म्हणा, हो म्हणा. ते म्हणाले, "कावळो इलो होतो. शिवलो दुसरोच. समुद्रावरचो पांढरो पक्षी."

"पांढरो?" नंदू म्हणाला.

"पांढरो. पण मासो माझ्या हातचो होतो, नंदू. तोंड फाटलेलां नव्हतां."

तारेत खरखर. त्या खरखरीमागे कुठेतरी वेंगुर्ल्याच्या घरातलं भांडं पडल्याचा आवाज आला, मग कुत्रं भुंकलं. नंदूनं विचारलं, अगदी हळू, जणू आई आतल्या खोलीत निजली होती, "आयशीक चलात?"

पुरुषोत्तमांनी तोंड उघडलं. चलात, म्हणजे चालेल, म्हणायचं की चलायचां नाय, हे सांगणारी एकच बाई होती. इकडे ते आणि तिकडे नंदू, दोघं फोन कानाला लावून उभे राहिले, ती काय म्हणते ते ऐकायला थांबल्यासारखे.