तीन गोळ्या, तीन माणसं

सिस्टरनं "समजलं का?" म्हणून विचारल्यावर तुम्ही कधी "नाही समजलं" म्हणालात का? छातीवर हात ठेवून सांगा. मागं रांग ताटकळलेली, सिस्टरचे डोळे पुढच्या केसपेपरवर. तिथं सरपंचसुद्धा मान हलवून मोकळा होतो. मग पाली गावच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या म्हाळूनं मान हलवली, तर त्यालाच तेवढं अडाणी कावून म्हणायचं?

म्हाळू धनगर काटक, मोजकं बोलणारा, मानी. तिथल्या धरणाच्या वरच्या अंगाला त्याचं पाल ठोकलेलं. पालात तिघंच: तो, बायको चतुराबाई आणि म्हातारी आई केसरबाई. चतुराबाई तोंडाची लई फटकळ. मेंढरांशी बोलायची तसंच माणसांशी बोलायची, हातात काठी घेऊन. हिवाळ्यात तिला खोकला धरला. अंग सुकलं, थुंकीत रक्त आलं. सरकारी दवाखान्यात तपासलं, तर टीबी निघाला.

उज्ज्वला सिस्टरनं गोळ्यांची पाकिटं पुढं सरकवली. "रोज सकाळी तीन गोळ्या. एक दिवस चुकवायच्या नाहीत. हा रोग पसरतो, घरच्यांनाही जपा. समजलं का?"

चतुराबाई पदराआड खोकत होती. म्हाळूच म्हणाला, "व्हय बाई."

आता कळपात एक मेंढरू खोकायला लागलं, तर धनगर काय करतो? त्या एकट्याला औषध पाजत नाही. सगळ्या कळपाला पाजतो, नाहीतर आज एक पडलं की उद्या दहा. म्हाळूच्या बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. म्हाळूनंही तेच केलं. गोळ्या तीन, माणसं तीन. ज्याला त्याला एक.

चतुराबाई हसली म्हणे. "आगं बया! आपुन तिगंच हाव, हे सरकारला कसं कळलं?"

पाकिटं संपली की दोघं दवाखान्यात जायचे. सिस्टर विचारायची, "रोज घेता ना?"

"घेतो की."

"लघवी लाल होते का?"

"व्हय."

या गोळ्यांनी ती होतेच. पालात तिघांचीही होत होती. केसरबाई घाबरली, तर म्हाळूनंच तिची समजूत काढली, "लागू पडलंय, माय."

खोकला आधी दबला, मग दुपटीनं उलटला. चतुराबाईला कोकरू उचलवेना. तेव्हा म्हाळूनं मला बोलावलं. दवाखान्यात कुणाचं अडलं की आमच्या भागात मला बोलावतात, कारण माझा आवाज मोठा आहे. मी दोघांना घेऊन गेलो आणि सिस्टरच्या टेबलावर हात आपटला. "गरिबाची बाई म्हणून खडूच्या गोळ्या दिल्या का?"

सिस्टरही पेटली. "ओरडू नका दादा! इतक्या गावांचे पेशंट आणि मी एकटी. यांनी गोळ्या चुकवल्यात. रिपोर्ट सांगतोय."

म्हाळू ताडकन उठला. "बिरोबाची आन हाय! एक दिस चुकला न्हाई. ही एक, मी एक, माय एक. रोज सकाळी तिगं बी संगंच घेतो."

सिस्टर खाली बसली. "तिघं?" मग तिनं हातातला पेन ठेवला. "पहिल्यापासून सांगा बरं. काय काय केलं?"

म्हाळूनं सगळं सांगितलं, कळपासकट. सांगता सांगता त्याचं लक्ष सिस्टरच्या चेहऱ्याकडं गेलं आणि त्याचा आवाज बारीक होत गेला.

बाकावरून चतुराबाई म्हणाली, "कावून गप बसलाव? सांगा की फुडं."

अपुऱ्या औषधानं टीबी मरत नाही, माजतो. साध्या गोळ्यांना तो जुमानेना. तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, जड औषधं सुरू झाली. तिथल्यांनी काही कमी केलं नाही. छातीतच काही उरलं नव्हतं. म्हाळू उशाशी बसून असायचा. ती त्याला हाकलायची, "मेंढरं कुनावर सोडून आलाव?" एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागायचं. पुढच्या सालची ज्वारी काढणीला यायच्या आत ती गेली.

मातीला उज्ज्वला सिस्टर आली होती. बायकांच्या मागं उभी राहिली. म्हाळूनं तिला पाहिलं, तिनं म्हाळूला पाहिलं.

पुढं नेकनूरच्या बाजारात चहाच्या हॉटेलावर एकजण फिदीफिदी हसत म्हणाला, "बायकूच्या गोळ्या खानारा आला बे!" मी त्याची गचांडी धरली. म्हाळूनं माझा हात सोडवला. "सोडा त्याला. खरं त्येच बोलला."

त्या दिवसापासून तो बाजाराला येत नाही. मीठमिरची केसरबाई आणते.

धरणाकडच्या माळावर मेंढरांमागं एखादा उंच माणूस एकटाच दिसला, तर तो म्हाळू. त्याला "असं कावून केलंस?" म्हणून विचारू नका, ते सगळ्यांनी विचारून झालंय. त्याच्या शेजारी खाली बसा. चतुराबाई कशी होती, एवढंच विचारा. आणि तो बोलायला लागला, की त्याचं संपेपर्यंत उठू नका.