दोडक्याचा आकाशकंदील

झाडावरून खाली पडलेली गोष्ट कचरा असते, हे माझ्या थोरल्या जाऊबाईंना आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. जो पटवायला गेला, तो संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर मांडी घालून कापसाची बोंडं दोऱ्यात ओवताना सापडला आहे. त्यांचं घर चितेगावला. मोठे भाऊजी तिथल्याच एका कारखान्यात, आणि घरामागं दोन गुंठ्यांची बाग. लोकांच्या बागेत फुलं असतात, जाऊबाईंच्या बागेत ‘सामान’ असतं. कवठाच्या करवंट्या म्हणजे पणत्या, बाजरीची कणसं म्हणजे तोरण, मक्याची वाळकी पानं म्हणजे गुलाब आणि वेलीवर मुद्दाम म्हातारे होऊ दिलेले दोडके म्हणजे आकाशकंदील! दोडका पार वाळला की साल काढायची, बिया झटकायच्या, आत जी नाजूक जाळी उरते तिच्यात दिव्यांची माळ सोडायची. असे बारा दोडके बांबूच्या कामटीच्या गोलाला बांधले की झाला कंदील. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा, “अंग घासायचं ते दारात कशाला टांगलंय?” असं विचारून बसले होते. नवी नवरी म्हणून मला माफ करण्यात आलं.

गणपती गेले की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. पैठण रस्त्यानं स्कूटरवर मागं बसून जाताना त्या एकदा “थांबाऽऽ!” म्हणून अशा ओरडल्या, की भाऊजींनी गच्चकन ब्रेक दाबला आणि मागचा टेम्पो थेट बाभळीत शिरता शिरता राहिला. काय झालं, तर गुलमोहराची हातभर लांब शेंग पडली होती. टेम्पोवाला भांडायला उतरला. जाऊबाईंनी त्याच्यासमोर ती शेंग खुळखुळ वाजवून दाखवली. तो बिचारा परत गाडीत जाऊन बसला. शहरात आल्या की क्रांती चौकाकडच्या भुट्ट्याच्या गाडीवर त्यांची ठरलेली फेरी. “बाई, छिलके कायकू लेरे? भुट्टा लेव ना,” असं गाडीवाले चाचा दर वेळी म्हणायचे. “चाचा, भुट्टा पेट में जाता, छिलका दरवाजे पे लगता,” हे जाऊबाईंचं उत्तरही ठरलेलं. त्या मूळच्या करमाडकडच्या, तिथली बोली त्यांनी आमच्या कारकुनी घराण्यात येऊनही सोडली नाही. सासूबाई कधी म्हणाल्याच, की अगं, बाजारात दहा तऱ्हेची तोरणं मिळतात, तर जाऊबाई म्हणायच्या, “मिळत्यात की. पण त्यांना वास कुठं असतो?”

मागच्या वर्षी त्यांच्या प्राचीचा दिवाळसण होता. पुण्याहून लेक-जावई आणि खुद्द विहीणबाई येणार होत्या. त्याआधी आठ दिवस प्राचीचा फोन आला. “आई, एक सांगू? या वर्षी विकतचा कंदील लाव ना, प्लीज. यांच्याकडं सगळं फार टापटीप असतं गं. तो पालापाचोळा बघून त्यांना काय वाटेल?” मी शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता पाऊण तास व्याख्यान होणार. पण जाऊबाई नुसत्या “बरं” म्हणाल्या आणि दोडक्यांची टोपली उचलून माळ्यावर टाकून आल्या.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी मदतीला गेले, तर दारावर प्लॅस्टिकचं चकचकीत तोरण आणि वर सोनेरी कागदाचा कंदील! जाऊबाई आत अनारसे तळत होत्या. भाऊजींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “आठ दिवस झाले, बागेत पाऊल टाकलं नाही तिनं. काही तरी कर बाई.” मी काय करणार? मी अनारसा उलटला आणि तो फुटला.

अकराच्या सुमारास प्राची आली. नवऱ्याला आणि सासूबाईंना शहरात नातेवाइकांकडं थांबवून ती एकटीच पुढं आली होती. ती फाटकातच उभी राहिली. दाराकडं बघितलं, वर बघितलं, आणि लहानपणी हट्टाला पेटायची तशी रडायलाच लागली.

“तू खरंच ऐकलंस माझं?”

“मग काय करू? तूच म्हणालीस.”

“आजवर कधी ऐकलंयस का कुणाचं, ते आत्ताच ऐकायचं होतं? हे घर माझं वाटतच नाहीये, आई!”

जाऊबाईंनी झारा खाली ठेवला. घड्याळ बघितलं. “किती वाजता यायल्यात तुझ्या सासूबाई?”

“तीन वाजता.”

“लई वेळ हाये!” त्या गरजल्या, आणि पुढचे तीन तास आम्हाला श्वास घ्यायला उसंत मिळाली नाही. भाऊजी माळ्यावर चढले, टोपली थेट त्यांच्या डोक्यावरच आली. प्राची रेशमी साडी खोचून झेंडूच्या वाफ्यात शिरली. मी कणसं बांधत होते आणि जाऊबाई एकदा मला, एकदा नवऱ्याला, एकदा वेलीला हुकूम सोडत होत्या. “ढिली गाठ नको! कामटी वाकव, मोडू नको! अहो, त्या कवठाला हात लावू नका, तुमच्यानं फुटंल!” ते फुटलंच.

आणि विहीणबाई दोनलाच आल्या. त्या वेळी भाऊजी शिडीवर होते, प्राचीच्या केसांत बाजरीचा भुसा होता आणि जाऊबाईंच्या दोन्ही हातांत दोडके. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. एक दोडका त्यांनी चक्क विहिणीच्या हातात दिला. विहीणबाईंनी तो उन्हाकडं धरून आरपार बघितला. बराच वेळ बघितला.

“आमच्या आईकडं वेल होता याचा,” त्या म्हणाल्या. “याच्यात दिवा लावतात, हे नाही सुचलं कधी आम्हाला.” मग पर्स बरोबर आलेल्या लेकाकडं देत म्हणाल्या, “कुठं बांधायचा हा? गाठ मला घट्ट मारता येते.”

जाऊबाईंचा चेहरा मी असा फुललेला कधी पाहिला नव्हता. “या, या, इकडं धरा,” म्हणत त्यांनी विहिणीला खेचलंच. संध्याकाळी कंदील लागला तेव्हा ओटाभर जाळीची नक्षी सांडली, आणि दोघी विहिणी एकमेकींच्या साडीवरची कुसळं काढत बसल्या होत्या.

भाऊबीज झाली, पाहुणे निघाले. कंदील विहीणबाईंनी पुण्याला मागून नेला. दुसऱ्या दिवशी तोरण उतरवायला जाऊबाई स्टुलावर चढल्या, मी खाली धरून उभी होते. “दिवाळी उतरवली ना गं, की घर कसं लेक सासरी गेल्यावानी…” म्हणता म्हणता त्या थांबल्या. हात तोरणावर तसाच राहिला. मग म्हणाल्या, “राहू दे आजच्या दिवस.”

पौर्णिमेनंतर मी परत गेले तरी तोरण दारावरच होतं, आणि चार-पाच चिमण्या त्याला लोंबकळून बाजरी टिपत होत्या. मी फाटक उघडणार, तोच खिडकीतून जाऊबाईंनी हातानंच खूण केली, जरा थांब. मी रस्त्यावर उभी राहिले. आत त्या कप हातात धरून बसल्या होत्या. चहा केव्हाचा गार झालेला असणार.