सदर अप्पा

अप्पांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या घरी आले की एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पाट मांडला तर पाटाभोवती फेऱ्या घालत. चहासुद्धा उभ्यानेच. जेवायला तरी बसता की नाही, असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "बसलं की बुद्दी बी बसती, मास्तर." मला त्यांच्या या उभं राहण्याचा खरोखर राग येई. त्यांच्याशी बोलताना मान वर करून करून दुखायला लागायची.

लिंगायत वाणी, धंदा खणांचा. तट्टावर गाठोडं टाकून आज केजचा बाजार, उद्या आणखी कुठला. शिवरात्रीला परळी वैजनाथ, जत्रेला नारायणगड. खण मापता मापता बायकांना विचारत, तुमच्या पोराला शाळेत काय कळतं? निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत चाले, घरी मराठी बोलणारं पोर वर्गात नुसतं बसून येई. पोरांना मराठीतून शिकवा, एवढीच आमच्या मंडळाची मागणी होती. तेवढ्यावरून आम्ही विरोधी पक्ष ठरलो होतो. पक्ष म्हणजे पंधरा-वीस माणसं, एक सतरंजी आणि चिटणीस मी. गावात शिकवण्या घेत असे, म्हणून मास्तर.

मंडळाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. माणूस भला. त्यांना कचेरीत बोलावून मुचलका लिहून घेतला, की यापुढे कुठल्या सभेत तोंड उघडणार नाही. त्यानंतर ते आमच्या गल्लीतून जाईनासे झाले. मग नवा अध्यक्ष शोधायची वेळ आली आणि सगळ्यांनाच कामं निघाली. एकाची मुलगी लग्नाची होती, दुसऱ्याला वतन जाण्याची धास्ती, तिसऱ्याचा दमा नेमका तेव्हाच उफाळला. माझीही सबब तयार होती: मी चिटणीस, माझं काम लिहिण्याचं. महिनाभर रोज बैठक भरे आणि काहीच न ठरता मोडे. अप्पा दारात येरझारा घालत असत. त्यांना कुणी विचारलंच नाही, कारण त्यांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. शेवटी एके दिवशी तेच थबकले आणि म्हणाले, "सभा माज्या खळ्यावर घ्या. जागा माजी, बोलणारा तुमचा."

सभेला कचेरीची लेखी परवानगी लागे. अर्ज मी लिहिला. माझं शिक्षण सरहद्दीपलीकडे नगरला, इंग्रजी मुलखात झालेलं. तिकडच्या कचेरीतली मराठी लिहायची मला भारी हौस. 'सभा गुरुपादअप्पा यांच्या खळ्यावर भरेल. सदर गुरुपादअप्पा यांची त्यास संमती आहे.' अध्यक्षाच्या नावाचा रकाना मात्र मोकळा सोडला. म्हटलं, पुढचं पुढे पाहू.

परवानगी आली ती सभेच्या आदल्या दिवशी दुपारी, उर्दूत. शेजारचे मौलवीसाहेब आमच्या बाजूचे होते. ते कागद वाचता वाचता हसायला लागले आणि मग एकदम गंभीर झाले. कचेरीच्या उर्दूत सदर म्हणजे अध्यक्ष. कारकुनाने मोकळा रकाना पाहिला, अर्जात 'सदर गुरुपादअप्पा' पाहिलं आणि रकाना भरून टाकला. वर ताकीद होती, की या इसमाखेरीज दुसरा कोणी अध्यक्ष झाला तर सभा बेकायदा.

दुरुस्ती करून आणायची तर चार दिवस जाणार, म्हणजे सभा बुडाली. तसंच ठेवायचं तर अप्पा कचेरीच्या डोळ्यांवर येणार. बाजार बंद, कदाचित तुरुंगही. आणि हे सगळं माझ्या ऐटबाज मराठीपायी. दुरुस्तीसाठी कचेरीत निघायला मी जोडे चढवू लागलो, तर दारात उभ्या अप्पांनी अडवलं.

"सदर म्हंजे काय वो, मास्तर?"

मी सांगितलं, माझ्या अर्जात सदर म्हणजे वर सांगितलेला माणूस, आणि त्यांच्या कागदात अध्यक्ष.

अप्पांनी दारापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "वर सांगितलेला मीच, अन् कागदात लिव्हलेला बी मीच. मंग चुकलं कुटं? ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी खळ्यावर एकच खुर्ची होती, अध्यक्षांची. अप्पा तिची पाठ धरून तिच्यामागे उभे राहिले. समोर पोलिसांचा अमीन वही उघडून बसलेला. अप्पा फार बोलले नाहीत. पोराला त्याच्या आईच्या बोलीत शिकवा, एवढंच चार तऱ्हांनी सांगितलं. पण ऐकायला गावोगावच्या बायका आल्या होत्या, त्यांच्याकडून खण घेणाऱ्या. आमच्या सभेला त्याआधी एकही बाई आली नव्हती. महिनाभर आम्ही ज्याला शोधत होतो तो रोज आमच्याच दारात उभा होता, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

आठव्या दिवशी अप्पांना कचेरीत बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. एक तर मुचलक्यावर अंगठा करा, नाहीतर नाव चुकून पडलं असं सांगून घरी जा, असं सांगण्यात आलं. चूक माझीच आहे, सांगून टाका, म्हणून मी त्यांचा सदरा ओढला. त्यांनी माझा हात सोडवला.

"चूक व्हती तवा व्हती. आता न्हाई."

सहा महिन्यांची सजा झाली. दोन शिपाई त्यांना बीडच्या रस्त्याने घेऊन निघाले. खरं तर अप्पाच पुढे, आणि शिपाई मागून धापा टाकत. माझ्याजवळून जाताना ते थांबलेसुद्धा नाहीत. चालता चालता म्हणाले, "म्होरच्या अर्जात रकाना मोकळा सोडू नगा."

पुढचा अर्ज लिहायला घेतला तेव्हा मी दिवसभर खोलीत फेऱ्या घालत होतो. संध्याकाळी त्या रकान्यात माझं नाव घातलं. अप्पा सुटून आले तेव्हा मी तुरुंगात होतो, आणि मी बाहेर येण्याआधीच ते तापाने गेले. आमची भेट राहून गेली.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा अप्पांच्या बायकोने सांगितलं, की तुरुंगातून आल्यावर त्यांनी पाणीही मागितलं नाही. अर्जावर कुणाचं नाव पडलं, तेवढं विचारलं. तिने माझं नाव सांगितलं.

"मंग पायरीवर बसले," ती म्हणाली. "चांगले घटकाभर बसले."