बिहीचा खुंट

ओक्ताव बिदारकडे कलम मागायला जाणं म्हणजे स्थळ सांगून जाणं. माती कसली, पाणी साचतं का, गाई चरतात का, तुमचं वय काय, मुलं एकमेकांशी बोलतात का, एवढी चौकशी झाली की मग तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळाचं रोप, ठरवायचा. आणि ठरवून ठरवून बहुतेकांना एकच द्यायचा, रानटी नाशपातीच्या बीपासून वाढवलेला. त्यावरचं झाड घराहून उंच जातं, पणतवंडांना पुरतं, पण फळाला पंधरा-वीस वर्षं लावतं. आमच्या मेयरांनी एकदा बिहीचा, म्हणजे नाशपातीच्याच गोतातल्या एका लहानशा फळझाडाचा, खुंट मागितला. त्यावर झाड बुटकं राहतं, आयुष्यही बेताचंच, पण तीन-चार वर्षांत फळ देतं. ओक्ताव म्हणाला, "एवढी घाई असेल तर टोमॅटो लावा."

मग डिसेंबरच्या वादळात त्याच्या बायकोच्या, आर्मांदिनच्या माहेरची नाशपाती उन्मळून पडली. तिच्या पणजोबांनी लावलेली, त्या जातीची एकुलती एक. तिच्या सावलीत आर्मांदिन गाईंचं दूध काढायला शिकली होती. ओक्तावनं पडल्या झाडाच्या काड्या कापून कलमासाठी तळघरात वाळूत पुरल्या. त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी आर्मांदिनच्या हृदयाचं सांगितलं. फार तर चार-पाच वर्षं. ती एवढंच म्हणाली, की ती नाशपाती आता काही पुन्हा चाखायला मिळायची नाही.

ओक्ताव दूरच्या रोपवाटिकेतून बिहीचे खुंट घेऊन आला, ताडपत्रीखाली झाकून. मी गावचा बेकर. बातमी माझ्याकडे पावाच्या आधी भाजून तयार असते. दुकानातच मेयरांनी त्याला गाठलं.

"काय ओक्ताव, टोमॅटो नाही मिळाले?"

गावात कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "नाही मिळाले." पुढं कुणी हसलं नाही.

आर्मांदिनच्या नाशपातीचं आणि बिहीचं मुळातच पटत नाही. जोड वाऱ्यात मोडतो. म्हणून ओक्तावनं दोघांच्या मध्ये एका समजूतदार नाशपातीचा वीतभर तुकडा बसवला. सोयरिकीत मध्यस्थ बसवतात तसा. झाड स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावलं.

चौथ्या शरद ऋतूत पाच फळं आली. कच्ची खाल्ली तर जीभ आखडते अशी. ती माझ्या भट्टीत, पाव निघाल्यावर उरलेल्या धगीत, साय आणि साखर घालून लाल होईपर्यंत भाजली. ताट मीच घेऊन गेलो.

आर्मांदिननं एक फळ सावकाश संपवलं.

"तीच चव आहे," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहत राहिली. "पण ओक्ताव, याच्याखाली गाय कुठं उभी राहणार रे?"

"राहणार नाही."

"मग कुरणात दुसरं लाव. रानटी खुंटावर. ओढ्याच्या अलीकडं, मला इथून दिसेल असं."

मार्चमध्ये त्यानं खिडकीजवळच्या झाडाची काडी रानटी खुंटावर बांधली. तिनं खुर्चीतून बोट दाखवलं, तिथं. पालवी फुटायच्या आत ती गेली.

पुढच्या आठवड्यात मी पाव द्यायला गेलो, तर ऐंशी पार केलेला ओक्ताव कुरणात कुंपणाचे खांब ठोकत होता. कलम बोटाएवढं आणि गाईंपासून राखायला कुंपण एवढं ऐसपैस, की आत माझी गाडी मावली असती. मी तसं म्हणालोही.

त्यानं दोन्ही हात पसरून हवेत एका बुंध्याला कवेत घेतलं, अंदाज घेतला, आणि शेवटचा खांब आणखी एक पाऊल लांब नेला.