हैदराबादचा सूर्यास्त

जुन्या जालन्यात अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं कापूस पिंजायचं मशीन आणि मागं आमचा संसार. लोक फोमच्या गाद्या घेऊ लागले तसं जुना कापूस पिंजून घ्यायलाही कुणी येईना. खोलीच्या मालकानं खोली रिकामी करायला लावली. अब्बांनी मशीन भंगारात घातलं आणि एमआयडीसीतल्या एका मिलमध्ये सळ्यांचे बंडल बांधायच्या कामाला लागले. मिलच्या मागं मजुरांसाठी खोल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. दुकान गेलं, गल्ली गेली, पण माझं कॉलेज अब्बांनी जाऊ दिलं नाही.

रमजान त्या खोलीतच लागला. गल्लीत आमचा रोजा अजान ऐकून सुटायचा, मशीद चार दारं सोडून होती. इथं मिलच्या धडधडीत अजान पोचत नव्हती. मावळतीला उंच शेड, त्यामुळं सूर्य बुडाला की नाही तेही कळायचं नाही. मग भिंतीवरचं वेळापत्रक कामी आलं. हैदराबादला राहणारी अब्बांची बहीण, माझी फुफी, दरवर्षी बिस्किटांच्या डब्याबरोबर तिथल्या दुकानात मिळणारं रमजानचं वेळापत्रक पाठवायची. गल्लीत ते नुसतं लटकून असायचं. आता अब्बा त्याच्यावर बोट ठेवायचे, मोबाइलमधलं घड्याळ बघायचे आणि खजूर उचलायचे. "चला, बराबर झालं," म्हणायचे. मोबाइलवर शोधलं असतं तर जालन्याची वेळही सापडली असती. पण समोर छापलेलं असताना शोधतं कोण?

ईदच्या थोडे दिवस आधी, दुपारी, अब्बा बंडल बांधता बांधता खाली बसले ते उठले नाहीत. रोजा होता. मला त्या दिवसातलं फार थोडं आठवतं. बायका रडत होत्या आणि मी पहाटेच्या सहरीची भांडी घासत होते, कारण ती तशीच पडली होती. मला रडू आलं नाही. ईदलाही आलं नाही.

ईदनंतर वाटूर फाट्यावर पंक्चरचं दुकान असलेले मामू आमच्याकडं राहायला आले. त्यांचं म्हणणं होतं की मी आता बियाण्याच्या कंपनीत बी निवडायच्या कामाला लागावं. डिग्री काय, नंतरही घेता येते. मी रोज कॉलेजला जात होते, कारण अम्मीनं जाऊ नको म्हटलं नव्हतं.

आम्हाला सेमिनार द्यायचा होता. मॅडमनी मला विषय दिला होता, पृथ्वीचा आकार आणि विश्व यांबद्दल जुन्या ग्रीकांच्या कल्पना. मी लायब्ररीत बसून वाचत होते. एक म्हणतो जमीन पाण्यावर तरंगते. दुसरा म्हणतो ती ढोलासारखी आहे आणि आपण तिच्या सपाट तोंडावर राहतो. मग पुढचे म्हणतात, गोल आहे: ग्रहणात चंद्रावर पडणारी तिची सावली गोल दिसते, आणि दक्षिणेला गेलं की नवे तारे वर येतात. त्यांच्या हिशोबात पृथ्वी मधोमध थांबलेली आणि आकाश कांद्याच्या पापुद्र्यांसारखं तिच्याभोवती फिरणारं. कोण कुणाभोवती फिरतं ते चुकलं, पण आकार बरोबर सापडला. आणखी एक पुरावा होता. एकच ग्रहण, पण पूर्वेकडच्या लोकांच्या नोंदीत त्याची वेळ पश्चिमेकडच्यांपेक्षा उशिराची. कारण पूर्वेला सूर्य आधी उगवतो आणि आधी बुडतो.

ते वाक्य मी वहीत उतरवलं आणि पेन थांबला. हैदराबाद आमच्या पूर्वेला आहे.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी मोबाइलवर दोन्हीकडचा सूर्यास्त पाहिला. तिथला काही मिनिटं आधी होता. सहरीत त्यानं काही बिघडत नव्हतं, आम्ही पहाटे खाणं लवकर थांबवलं एवढंच. इफ्तार मात्र रोज सूर्य वर असताना केली होती. मला गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. मी अम्मीला पृथ्वीच्या गोलासकट सगळं सांगितलं.

तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे तुझ्या अब्बांचे सगळे रोजे गेले का?"

मामू खाटेवर पडले होते. ते म्हणाले, "कॉलेजात हेच शिकून राह्यली का? मेलेल्या माणसाचे रोजे मोडायला? उद्यापासून बंद."

अम्मी त्या रात्री जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बुरखा घातला आणि मला म्हणाली, चल. आम्ही टेम्पोनं जुन्या जालन्यात गेलो, आमच्या गल्लीतल्या मशिदीत. इमामसाहेब अब्बांना ओळखत होते. मला वाटलं होतं मलाच ऐकून घ्यावं लागेल. त्यांनी माझ्याकडूनच सगळं परत विचारून घेतलं, मान हलवली. जाणूनबुजून केलेलं नाही, म्हणून गुन्हा नाही, म्हणाले. पण जे हयात आहेत त्यांनी ते रोजे पुन्हा ठेवायचे. अम्मीनं अब्बांचं विचारलं.

"त्यांना भरायला मुदतच मिळाली न्हाई, बीबी. त्यांच्यावर काही बाकी न्हाई."

अम्मीनं हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. परत येताना टेम्पोत ती खिडकीतून बाहेर बघत होती. एमआयडीसीचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "तू सांगितलं नसतं तर आपले रोजे तसेच राहिले असते." मग घरी जाऊन मामूंना चहा दिला आणि सांगितलं, की पोरगी परीक्षा देणार. बियाणं निवडायला ती स्वतः जाणार.

मामू म्हणाले, "आणि ही फेल झाली तर?"

"तर पुन्हा बसंल. आम्ही रोजे पुन्हा ठेवणार तसं."

मामू दुसऱ्या दिवशी वाटूरला गेले.

ते रोजे आम्ही भर उन्हाळ्यात ठेवले, जालन्याच्या वेळेनं. सेमिनार मी रोज्यातच दिला. मॅडम छान म्हणाल्या, वर्गानं टाळ्या वाजवल्या, मला त्याचं काही वाटलं नाही. पेपरही तसेच दिले. घसा सुकायचा, हात लिहीत राहायचा.

निकालाआधी आम्हा दोघींचे रोजे पूर्ण झाले. मी पहिल्या वर्गात बीएस्सी पास झाले. आमच्या खानदानातली मी पहिली पदवीधर आहे.