पुसलेलं तेल

हवाई दलात असताना आमची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका छोट्या धावपट्टीवर होती. विमान एकच, लहान, सहा सीटचं. ग्राउंड क्रूच्या तीन शिफ्ट, प्रत्येकीत दोघे. मी सार्जंट, माझ्या जोडीला कॉर्पोरल संतोष. मी दिघीचा, तो चाकणजवळच्या एका खेड्यातला. घरापासून इतक्या लांब आपल्या भागातला माणूस भेटला की रँक बाजूला राहते. दोघेच असलो की तो मला भावा म्हणायचा, अधिकारी समोर आला की सर.

रुटीन ठरलेलं. साडेपाचला हँगर, सहाला इन्स्पेक्शन. विमानाच्या चाकावर स्ट्रट असतो. तुम्हा सिव्हिलियन मंडळींना सांगायचं तर मोटरसायकलचा पुढचा शॉकअप असतो ना, तसाच, फक्त तगडा. आत खाली तेल, वर नायट्रोजन. गॅस विमानाला उभं धरतो, पण टेकतानाचा दणका खातं ते तेल. जमिनीवर उभं असताना स्ट्रटचा चकचकीत रॉड तीन-चार बोटं दिसला पाहिजे.

डाव्या स्ट्रटच्या रॉडवर लाल तेल दिसायला लागलं. संतोषनं गॅसच्या व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बघितलं. बुडबुडा नाही. म्हणजे गॅस सुटत नव्हता, खालचं सील गेलं होतं. नवीन सील मागवलं, ते वाटेत होतं. नियमानं तेल किती येतंय ते रोज रजिस्टरला लिहायला हवं होतं आणि सील बदलेपर्यंत विमानाचं उड्डाण थांबवायला हवं होतं. आम्ही काय केलं? पुसलं.

आमच्याकडे शिफ्ट देताना वस्तू चकाचक करून द्यायची. घाण दिली तर पुढचा नावं ठेवतो. रात्रीवाले पुसून द्यायचे, आम्ही पुसून द्यायचो, दुपारवालेही पुसायचे. रॉड थोडा खाली बसला की नायट्रोजन भरायचा. तेल रोज कमी होत होतं आणि उंची रोज बरोबर दिसत होती. वरून कीर्तन, आतून तमाशा! तीन शिफ्टमधल्या एकालाही वाटलं नाही की हे लिहावं, आणि त्यात सिनियर मी होतो.

त्या सकाळी संतोष चाकापाशी उकिडवा बसला होता.

"रोज पुसतो भावा, तरी येतंच हाय."

"आजची फेरी होऊ दे. उद्या जॅकवर घेऊ."

मी स्वतः फडकं मारलं. गॅस भरला. सहा चाळीसला सही केली. प्रत्येक फेरीत एक टेक्निशियन सोबत जायचा, त्या दिवशी संतोषचा नंबर होता. शिडी चढताना म्हणाला, "माझा चहा झाकून ठेवा सर." पायलट शेजारी होते, म्हणून सर.

बारा वीसला परत आले. मी रेडिओजवळ उभा राहून पायलट आणि टॉवरचं बोलणं ऐकत होतो.

"ऑन फायनल."

"क्लिअर टू लँड. वारा डावीकडून, हलका."

"रॉजर."

चाकं टेकली आणि डावा स्ट्रट पार खाली बसला. दणका खायला आत तेलच नव्हतं. लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज मला तिथवर ऐकू आला. स्ट्रट मोडला, पंख जमिनीला लागला, विमान धावपट्टी सोडून दगडी नाल्यावर गेलं. पायलटचा हात मोडला. संतोष डावीकडे बसला होता. आम्ही दोन मिनिटांत पोहोचलो, उपयोग झाला नाही.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, भोगली. पण त्याच्या वडिलांना, तात्यांना, सांगितलं नाही. त्यांना फक्त 'तांत्रिक बिघाड' एवढंच कळवलं गेलं होतं.

रिटायर झालो, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो. ऑडिट आलं की पोरं मशीनखालचं तेल पुसायला धावतात. मी ओरडतो, "आधी लिहा, मग पुसा!" मागून मला खडूस फौजी म्हणतात. म्हणोत. घरी जिवाला स्वस्थता नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या बाइकचे रॉड वाकून बघत फिरतो. बायको म्हणते, अहो, लोक चोर समजतील.

दरवर्षी संतोष गेला त्या तारखेला तात्यांकडे जातो. शेत कंपन्यांत गेलं, घर तेवढं राहिलंय. दरवर्षी शब्द जिभेवर यायचा आणि चहाबरोबर खाली जायचा. पडवीत संतोषची मोटरसायकल उभी असते. तात्या ती रोज पुसतात. यंदा गेलो तर ते तिच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते, हातात फडकं.

"रोज पुसतो रं, तरी येतंच हाय."

शॉकअपचं सील गेलं होतं. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. फडकं, गॅस, सही, उद्या जॅकवर घेऊ म्हणालो ते. मी रडलो, ते लपवत नाही.

तात्यांनी विचारलं, "त्यानं बी पुसलं व्हतं?"

"हो. पण त्याला थांबवायचं काम माझं होतं."

"व्हय. तुझंच व्हतं." फडकं त्यांनी बाजूला ठेवलं. "इतकी वर्सं माझ्या घरात च्या पीत व्हतास आन् हे पोटात ठेवून?"

मला वाटलं, आता ऊठ म्हणतील.

"गाडी दुरुस्त कर," ते म्हणाले. "त्याची हाय."

चाकणच्या बाजारातून सील आणि तेल आणलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही शॉकअप उघडून, धुऊन, मापानं तेल भरून बसवले. चाकाखाली पेपर अंथरला. म्हटलं, "तात्या, आठ दिवस पुसायचं नाही. डाग पडला तर पडू द्या. मला कळवा."

आठव्या दिवशी सकाळी सहाला फोन आला.

"कागद कोरडा हाय. पर तू ये. त्या दिशी त्यो काय काय बोलला, ते समदं सांगायचं ऱ्हायलंय."

मी गेलो. शिडी चढताना चहा झाकून ठेवा म्हणाला होता, ते सांगायचं राहिलं होतं, तेही सांगितलं. तात्यांनी आत हाक मारून तीन कप मागवले. तिसऱ्यावर बशी झाकली आणि तो कप मोटरसायकलच्या सीटवर ठेवला.